राखीव नमुना

एकतीस वर्षं मी बिस्किटांच्या आणि चॉकलेटच्या कारखान्यात चाखणारी होते. लोकांना वाटतं, काय मजा आहे, दिवसभर फुकट खायचं आणि वर पगार घ्यायचा. त्यांना मी सांगते, बाबांनो, आम्ही खात नव्हतो, चाखत होतो. तुकडा तोंडात घ्यायचा, सहा-सात वेळा चावायचा, जिभेवर सगळीकडे फिरवायचा आणि कागदी पेल्यात थुंकायचा. मग कोमट पाण्याने चूळ. मग कार्ड भरायचं. कार्डावर पाच चौकोन असायचे, प्रत्येकात दहापैकी गुण: रंग, वास, पोत, चव आणि मागची चव. मागची चव म्हणजे घास गेल्यावर जिभेवर जे रेंगाळत राहतं ते. असे दिवसाला चाळीस नमुने. गिळायला सक्त मनाई होती, कारण पोट भरलं की माणसाला सगळंच सारखं लागायला लागतं.

कारखान्यात मला नापासबाई म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, पण मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने. मला त्याचा राग नव्हता, उलट गुर्मीच होती. माझ्या एका शब्दावर भट्टीतून निघालेला सगळा घाणा परत जायचा आणि पँटवर पीठ उडालेले दोन सुपरवायझर माझ्या टेबलापाशी येऊन 'बाई, एकदा परत बघता का' म्हणून अजीजी करायचे. मी परत बघायची आणि परत नापास करायची.

आमचे हे अगदी दुसऱ्या टोकाचे. ते लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे, आता निवृत्त आहेत. त्यांचं सगळं शहाणपण एका वाक्यात मावतं: 'चालतंय ना? मग झालं.' करपलेलं वाढा, अळणी वाढा, 'छान झालंय' म्हणून ताट चाटूनपुसून मोकळे. चौतीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या स्वयंपाकाला एकदाही नाव ठेवलं नाही, म्हणून मीही त्यांच्या कौतुकाला कधी काडीची किंमत दिली नाही.

एवढं सगळं सांगायचं कारण, मागच्या गुरुवारी साठाव्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा कपकेक केले. व्हाइट चॉकलेटचे, वर बटरक्रीम. का केले ते सांगते.

लेक येणार होती. ती नर्स आहे, लहान मुलांच्या वॉर्डात. तीन वर्षांच्या करारावर समुद्रापलीकडच्या एका इस्पितळात चालली होती. जाण्यापूर्वी माळ्यावरच्या ट्रंकेतली तिची प्रमाणपत्रं न्यायला येणार आणि इथूनच गाडी करून विमानतळावर जाणार. चार ते सहा, दोन तास. या दोन तासांत मला तिला एक वाक्य म्हणायचं होतं. एकवीस वर्षं म्हणायचं राहिलं होतं, आणि आता राहिलं असतं तर पुढची तीन वर्षं गेलीच. तीन वर्षांनी ती परत येईल याचीही माझ्याजवळ काही खात्री नव्हती.

ती दहा वर्षांची असतानाची गोष्ट. तिचे बाबा तिला मुंगी म्हणतात, साखरेचा डबा कुठेही लपवला तरी तिला सापडायचा म्हणून. त्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आले तर मुंगी दारातच उभी. नाकावर मैदा, फ्रॉकवर बटर. ताटलीत कागदी वाट्यांमधले बारा कपकेक. शेजारच्या मुलीच्या मोठ्या बहिणीकडून कृती उतरवून आणली होती आणि सगळं एकटीने केलं होतं. ओव्हन तेवढा बाबांनी लावून दिला होता. मला दिवसभर कोकोचा वास घेऊन मळमळायचं, घरात काळं चॉकलेट मी येऊ देत नसे. म्हणून पहिल्याच दमात म्हणाली, "पांढरं आहे आई, काळं नाहीये."

ताटलीशेजारी एक कार्ड होतं. वहीच्या पुठ्ठ्याचं. पट्टीने आखलेले पाच चौकोन: रंग, वास, पोत, चव, मागची चव. अक्षर वळणदार, चौकोनात मावेल असं. शेजारी टोक केलेली पेन्सिल.

शहाण्या आईने काय केलं असतं ते आता मला कुणी सांगायला नको. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. एक घास घेतला, चावला, जिभेवर फिरवला, आणि समोर चहाचा रिकामा कप होता त्यात थुंकले. सवयीने. मग पेन्सिल घेतली आणि कार्ड भरलं. चव, दोन. मागची चव, एक. तोंडानेही सांगितलं, तिला नीट कळावं म्हणून: "मागची चव कडू आहे. सोडा जास्त झालाय. मोजून घालत जा."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, निदान मी भानावर आले असते. तिने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणाली. ताटली आत नेली. कार्ड कुठे गेलं कोण जाणे.

त्यानंतर तिने घरात चहासुद्धा केला नाही. पण मला बोचतं ते तेवढंच नाही. त्यानंतर तिने मला कशाबद्दलच विचारलं नाही. दहावीनंतर काय घेऊ, नर्सिंगला जाऊ का, हा मुलगा कसा वाटतो, काही नाही. सगळं ठरवून झालं की येऊन सांगायची, वीजबिल आल्याचं सांगावं तसं. लग्नाची साडी घेऊन आली तेव्हा घडीसुद्धा न मोडता म्हणाली, "ही घेतलीय." कशी आहे असं नाही विचारलं. मी म्हणाले चांगली आहे. तिने पिशवी बंद केली. माझं मत विचारायचं नाही, असा तिने कायमचा कानाला खडा लावला होता, आणि लावायला मीच शिकवलं होतं.

तर गुरुवारी मी ठरवलं की तेच कपकेक करायचे, तेच समोर ठेवायचे आणि म्हणायचं, मुंगे, तेव्हा माझं चुकलं. नुसतं म्हणता आलं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता? पण 'चुकलं' हा शब्द माझ्या जिभेला माहीतच नाही. हातात काही असल्याशिवाय तो बाहेर पडायचा नाही.

आणखी एक ठरवलं. आज चाखायचं नाही. बोट चाटायचं नाही, मिश्रणाचा थेंब जिभेला लावायचा नाही. आज मी आई म्हणून करणार होते, नापासबाई म्हणून नाही. तशी डॉक्टरांनी माझी साखर बंद केली आहेच, पण ते निमित्त. मला या जिभेलाच एक दिवस उपाशी ठेवायचं होतं.

चाखणं वेगळं आणि करणं वेगळं, हे कळायला अर्धा तास पुरला. गरम पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून त्यात व्हाइट चॉकलेटचे तुकडे वितळवत होते. छान वितळत होतं, सायीसारखं. भांडं उचललं, बुडाला लागलेलं पाणी ओघळलं आणि त्यातला एक थेंब, फक्त एक, आत पडला. ढवळते तर काय, सगळं चॉकलेट बघता बघता आकसलं, त्याचा ओल्या रेतीसारखा गोळा झाला. कारखान्यात असला गोळा माझ्यासमोर आला असता तर 'पोत, शून्य' लिहून मी हात झटकले असते. ज्याने ते केलं त्याच्या पोटात त्या वेळी काय होतं, ते मला एकतीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं. आणि दहा वर्षांच्या पोरीने हे एकटीने, स्टुलावर उभं राहून, पहिल्या फटक्यात जमवलं होतं.

"अहो, परत चॉकलेट आणा," मी ओरडले.

हे बाहेरच्या खोलीत माळ्याला शिडी लावून ट्रंक काढत होते. "आणलेलं कुठे गेलं?"

"मेलं."

"बरं," म्हणाले आणि चप्पल घालून गेले. असा नवरा मिळायला नशीब लागतं हे मी मान्य करते, पण त्यांच्यासमोर करत नाही.

दुसऱ्या वेळी भांडं पुसून पुसून घेतलं. चॉकलेट जमलं. बटर आणि साखर फेसली, एकेक अंडं घातलं, चॉकलेट घातलं, मैदा चाळला. मग बेकिंग पावडर. इथे एक घोळ होता. हे निवृत्त झाल्यापासून त्यांना आवरण्याचं वेड लागलंय. स्वयंपाकघरातली पाकिटं फोडून सगळं एकसारख्या काचेच्या बरण्यांत भरून ठेवलंय आणि 'चिठ्ठ्या उद्या लावतो' म्हणून सहा महिने झाले. समोर दोन बरण्या, दोन्हींत पांढरी पूड. एक बेकिंग पावडर, एक खाण्याचा सोडा. एक चिमूट जिभेवर ठेवली असती तर झोपेतसुद्धा सांगितलं असतं कुठली कुठली. बोट बरणीत घातलंही. मग आठवलं, आज चाखायचं नाही. बोट फडक्याला पुसलं.

"अहो, बेकिंग पावडर कुठल्या बरणीत?"

"डावीकडच्या!" शिडीवरून उत्तर आलं. इतक्या झटकन आलं की मला शंका यायला हवी होती. डावीकडच्या बरणीतून दीड चमचा घातला.

बारा वाट्या भरल्या, ओव्हनमध्ये सरकवल्या आणि काचेसमोर स्टूल घेऊन बसले. फुगले. छान फुगले, जरा जास्तच. रंग मला वाटलं होतं त्यापेक्षा गडद आला. रंगाच्या चौकोनात मनातल्या मनात सहा लिहिले आणि लगेच स्वतःला दटावलं, गप बस.

घाई नडते ती अशी: गरम केकवरच मी बटरक्रीम घातलं. बटर चांगलं पाच मिनिटं फेसून पांढरंशुभ्र केलेलं, पिठीसाखर तीनदा चाळलेली, वितळून गार केलेलं चॉकलेट घातलेलं, आणि ते सगळं केकवरून घरंगळून ओट्यावर. नशीब, पहिल्याच केकवर कळलं. बाकीचे गार व्हायला ठेवले. हा फजिती झालेला ह्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो उभ्या उभ्या संपवला, कागदसुद्धा चाटला. "छान झालाय," म्हणाले. "मुंगीने केले होते ते असेच होते."

"ते कडू होते," मी म्हणाले. एकवीस वर्षांचा पश्चात्ताप करत होते तरी निकाल बदलायला तयार नव्हते, सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. थुंकले ते चुकलं, तसं कार्ड भरलं ते चुकलं, पण केक कडू होते ते होतेच, असं माझं म्हणणं होतं.

"कडू? मी चार खाल्ले."

"तुम्हाला काय कळतंय."

"मला नसेल कळत. पण तेव्हा तुला तरी कुठे कळत होतं? तुझी दाढ काढली होती. गाल हा एवढा सुजलेला. गोळ्या चालू होत्या आणि तुला सगळंच कडू लागत होतं. पाणी कडू लागतं म्हणून मला फिल्टर बदलायला लावलास, नवा कोरा फिल्टर. मी म्हटलं अगं चालतंय की, तर माझ्या अंगावर ओरडलीस."

मला वाटायचं, मला त्या दिवसाचं सगळं आठवतंय. कार्ड आठवत होतं, पेन्सिल आठवत होती, चहाचा कप आठवत होता. दाढ साफ विसरले होते. आता तीही आठवली, आणि तिच्यामागून बाकीचंही आलं. त्या आठवड्यात आमच्या साहेबांनी मला चाखण्याच्या टेबलावरून उठवलं होतं. नियमच होता, सर्दी असो की औषध चालू असो, तोंड बिघडलेल्या माणसाने चाखायला बसायचं नाही. पाच दिवस मी कोपऱ्यात बसून जुनी कार्डं उतरवून काढत होते आणि चरफडत होते. साध्या मारी बिस्किटासाठी कारखान्याने माझ्या जिभेवर विश्वास ठेवला नव्हता. त्या आठवड्यात ती जीभ मी फक्त एका ठिकाणी वापरली, माझ्या पोरीवर.

मग मुंगीचे कपकेक चांगले होते का? कोण सांगणार? एक जीभ आजारी, दुसरी ह्यांची. कारखान्यात प्रत्येक घाण्यातला एक नग बाजूला काढून, झाकून, वर्षभर कपाटात ठेवायचे. राखीव नमुना म्हणायचे त्याला. तक्रार आली, वाद झाला की तो काढून पुन्हा चाखायचा. माझ्या हातून दोनदा चुकीने नापास झालेला माल राखीव नमुन्यामुळे वाचला होता. पोरीच्या बारा केकमधला एक कुणी कपाटात ठेवला नव्हता. आता फेरतपासणी नाही.

डोळे पुसले आणि गार झालेल्या केकवर बटरक्रीम घातलं. क्रीमची पिशवी दाबायची हाताला सवय नव्हती, त्यामुळे काही गोंडे सरळ आले, काही कलले. मग एक केक उचलला, छोट्या ताटलीत ठेवून वर स्टीलची वाटी पालथी घातली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर सरकवला. मुद्दाम नाही. हाताला सवय. राहिलेले दहा ताटात मांडले.

चारला मुंगी आली. केस कापले होते, बारीक झाली होती. वाकून नमस्कार करते म्हणाली, मी नको म्हणाले, अर्ध्यात दोघी अवघडलो. ट्रंकेतले कागद तपासून फायलीत लावले. बाबांनी प्रवासाच्या बॅगेचं चाक उलटंपालटं करून पाहिलं आणि "चालतंय" असा निर्वाळा दिला. नवरा एक महिन्याने येणार, घर इस्पितळाजवळच मिळालंय, असं सगळं तिने सांगितलं. सांगितलं, विचारलं काही नाही.

साडेपाचला मी ताट आणून तिच्यासमोर ठेवलं.

ती पाहतच राहिली. "तू केलेस?"

"हो."

"व्हाइट चॉकलेटचे?"

"हो."

तिने एक उचलला, कागद सोलला आणि चांगला मोठा घास घेतला. समोरचा माणूस घास घेतो तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, गळ्याकडे बघते. चेहरा खोटं बोलतो. पण नेमका तेव्हाच आत चहा उतू गेला, सूं सूं आवाज आला आणि मी धावले. गॅस बंद करून आले तेव्हा ती कागदी रुमालाने ओठ टिपत होती. हातात अर्धा केक होता.

"छान झालेत," ती म्हणाली.

माझ्या अंगावरून एकदम ओझं उतरल्यासारखं झालं. आता म्हणायचं, आत्ताच. "मुंगे, ते तेव्हाचे..."

"आई, हे सगळे मी नेऊ?"

"सगळे?"

"हो. वाटेत खाईन. तिथे बरोबर दोघी मैत्रिणी आहेत, त्यांनाही देईन." ती उठून डबा शोधायलाही लागली. "आणि तू खाऊ नकोस हं. तुझी साखर किती आहे मला माहितीये. बाबा, तुम्हीपण हात लावू नका."

"मी एक खाल्लाय आधीच," हे म्हणाले. "छान होता."

मुंगीने त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं, मग हसली. नऊच्या नऊ केक डब्यात भरले, उरलेला अर्धा रुमालात गुंडाळून हातात ठेवला. मी बघत होते आणि मला इतका आनंद झाला होता की ते वाक्य घशातच विरघळलं. सगळे घेऊन चालली, आणखी काय हवं? जे म्हणायचं ते केकनीच म्हटलं असेल. तेवढ्यात खाली गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. धावपळ झाली. जिन्यात तिने मला मिठी मारली, तिच्या खांद्याला इस्पितळाच्या साबणाचा वास येत होता, आणि गाडी कोपऱ्यावरून वळली.

वर येऊन मी भांडी घासायला घेतली. गुणगुणतसुद्धा होते. ओट्यावरची अंड्यांची टरफलं टाकायला कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं, तर आत वरच एक कागदी रुमाल होता, चौकोनी घडी घातलेला. एवढ्या नीट घडीचा कचरा आमच्या घरात कुणी टाकत नाही. उचलला तर ओलसर लागला. उघडला. आत चावलेला घास होता. नुसता एकदा चावलेला.

मग आठवण झाली, कपाट उघडलं, वरच्या फळीवरची वाटी उचलली. तिच्याखाली तो बसला होता, कललेल्या गोंड्याचा. शपथ आता संपली होती. मी घास घेतला.

कार्ड आपोआप भरलं गेलं. रंग, सहा. वास, बरा. पोत, सात, खरंच सात. चव, दोन. मागची चव कडू, साबणासारखी, टाळूला चिकटून बसणारी. सोडा. दीड चमचा सोडा, जिथे चिमूट पुरली असती. डावीकडची बरणी. यांच्या डावीकडची, शिडीवर माझ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या डावीकडची.

तिला पहिल्या घासाला कळलं होतं. मुलांना कडू औषधं पाजण्यात तिची वर्षं गेली, कडू तिला कळणार नाही होय? चहा उतू गेला तेवढ्या वेळात तिने घास रुमालात काढला, घडी घातली, डबा शोधायच्या निमित्ताने मला दिसणार नाही असा टाकला आणि नऊच्या नऊ कडू केक मांडीवर घेऊन गेली, का, तर मी चाखू नये म्हणून. मी थुंकले होते भर तिच्यासमोर, चहाच्या कपात. आणि मी वेडी गुणगुणत भांडी घासत होते.

ओल्या हातानेच फोन लावला.

"पोचलीस?"

"नाही गं, वाटेत आहे. गर्दी आहे रस्त्याला."

"केक कुठे आहेत?"

"मांडीवर. एक खाल्ला आत्ताच."

"खोटं बोलू नकोस. फेकून दे ते. कडू झालेत, सोडा जास्त पडलाय."

ती म्हणाली, "तुला कसं कळलं? मी सगळे आणले होते."

"एक कपाटात ठेवला होता."

"राखीव नमुना!" ती म्हणाली आणि हसली. मोठ्याने हसली, लहानपणी हसायची तसं. मग हसणं थांबलं.

मग मी ते वाक्य म्हटलं. एकदाच आणि घाईत, कोणी हिसकावून घेईल अशा भीतीने. "मुंगे, तुझे कडू नव्हते. माझं तोंड कडू होतं, गोळ्यांनी. माझं चुकलं."

"माहितीये," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"गोळ्यांचं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं आम्हाला, त्या औषधाने तोंड कडू होतं म्हणून. वर्गातच मला आठवलं, तुझ्या उशाशी तेच पाकीट होतं."

"मग मला बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"मला वाटलं, तू म्हणशील कधीतरी."

दुसऱ्या वर्षाला म्हणजे ती एकोणीस वर्षांची. बारा वर्षं ती हे घेऊन माझ्या घरात येत होती, जात होती, आणि मी म्हणायची वाट बघत होती. मी मात्र तिने विचारायची वाट बघत बसले होते.

"आई," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "तुला दाढेमुळे काही चावता येत नव्हतं. दोन दिवस तू नुसतं दूध पीत होतीस. म्हणून मऊ काहीतरी केलं होतं मी."

गाडीवाला तिला काहीतरी विचारत होता. कुठलं दार, असं काहीतरी. "ठेवते गं," ती म्हणाली. "पोचले की कळवते." फोन बंद झाला.

हे दारात आले. "काय झालं? कोण होतं?"

ताटलीत राखीव नमुन्याचा मोठा तुकडा शिल्लक होता. तो मी तोंडात घातला, हळूहळू चावला आणि सगळा गिळला.